ल्युनेव्हिलचा आकडा : फ्रेंच हस्तभरतकामाची शिकवण आणि वाटणी

फ्रान्समधील हस्तभरतकामाचा विषय निघाला की पॅरिसच्या उंची वेशभूषेचा, मणी-टिकल्यांनी मढवलेल्या झग्यांचा आणि त्यांच्यावर खर्ची पडलेल्या शेकडो तासांच्या श्रमाचा उल्लेख प्रथम होतो. ही कला राजदरबारात जन्मली, धनिकांच्या आश्रयाने वाढली आणि मोजक्या घराण्यांनी ती गुप्तपणे जपली, अशी समजूतही त्यातूनच रूढ झाली आहे. गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर या समजुतीला बरीच मुरड घालावी लागते. ही कला ज्या ज्या वेळी एकाच आश्रयदात्यावर विसंबून राहिली, त्या त्या वेळी तो आश्रय सुटताच ती संकटात सापडली. आणि ज्या ज्या वेळी ती दरबाराकडून खेड्याकडे, खेड्याकडून शाळेकडे किंवा एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे, अशी नव्या हातांत गेली, त्या त्या वेळी तिने पुन्हा उभारी धरली. आज फ्रान्सचा मानबिंदू समजला जाणारा ‘ल्युनेव्हिलचा टाका’सुद्धा आशियातून आलेल्या एका तंत्राचे फ्रेंच रूप आहे. मात्र या देवघेवीला एक सल जोडलेला आहे, तो असा की कौशल्य जितक्या सहजतेने एका हातातून दुसऱ्या हातात गेले, तितक्या सहजतेने त्याचा मोबदला आणि त्याचे श्रेय गेले नाही.

संघ, दरबार आणि पुस्तक

पॅरिसमध्ये भरतकाम करणाऱ्यांचा व्यवसायसंघ तेराव्या शतकाच्या अखेरीस अस्तित्वात होता आणि त्यात स्त्रियांचा भरणा मोठा होता. चर्चमधील धर्मगुरूंची वस्त्रे, वेदीवरील पडदे, घोड्यांच्या झुली आणि सरदारांची निशाणे हे त्या काळातील मुख्य काम होते. संघाच्या नियमांनी कामाचा दर्जा राखला, उमेदवारीची मुदत ठरवून दिली आणि परक्या कारागिरांना बाजारापासून दूर ठेवले. पुढे सतराव्या आणि अठराव्या शतकांत व्हर्सायच्या दरबाराने पोशाखाला राजकीय शिष्टाचाराचे साधन बनवले, तेव्हा पुरुषांच्या अंगरख्यांवर आणि जाकिटांवरही रेशमी व जरीच्या भरतकामाची रेलचेल झाली. जाकिटाच्या कापडावर आधी भरतकाम करून घेऊन ते सलग तुकडा म्हणून विकायचे आणि नंतर ग्राहकाच्या मापाने बेतून शिवायचे, ही पद्धतही याच काळात रुळली; त्यामुळे भरतकाम करणारा आणि शिंपी यांची कामे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी झाली.

संघाच्या चौकटीत असलेले हे ज्ञान छापील पुस्तकात आणण्याचे श्रेय शार्ल जेर्मँ द सँतोबँ यांच्याकडे जाते. राजदरबारासाठी भरतकामाची नक्षी काढणारे सँतोबँ (१७२१–१७८६) हे भरतकाम करणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात वाढले होते, आणि ‘भरतकाम करणाऱ्याची कला’ या विषयावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १७७० मध्ये पॅरिसच्या शाही विज्ञान अकादमीने चालवलेल्या कलाव्यवसायांच्या वर्णनमालेत प्रसिद्ध झाला. दिदरो यांच्या विश्वकोशाने भरतकामाच्या साधनांची चित्रे त्याआधीच छापली होती. पण कारखान्यात वाढलेल्या माणसाने चौकट कशी ताणावी, नक्षी कापडावर कशी उतरवावी, जर कशी टाकावी, छटा कशा मिसळाव्यात आणि प्रत्येक गोष्टीला कारागीर काय म्हणतात, हे सगळे क्रमाने लिहून ठेवणे ही नवी गोष्ट होती. ज्ञानाचा प्रसार हेच प्रगतीचे साधन आहे, ही त्या शतकाची धारणा या पुस्तकामागे उभी आहे. दोन दशकांनंतर फ्रेंच राज्यक्रांतीत दरबार मोडला, १७९१ मध्ये व्यवसायसंघ कायद्याने बरखास्त झाले आणि भरतकामाची मागणी एकाएकी ओसरली. मात्र छापलेले पुस्तक शाबूत राहिले. नेपोलियनच्या काळात राज्याभिषेकाची वस्त्रे आणि अधिकाऱ्यांचे गणवेश यांच्यासाठी पुन्हा कारागिरांची गरज भासली, तेव्हा ही परंपरा अगदी शून्यापासून उभी करावी लागली नाही. १८०१ मध्ये ठरवला गेलेला फ्रेंच अकादमींच्या सभासदांचा पोशाख, ज्यावर ऑलिव्हच्या हिरव्या फांद्या भरलेल्या असतात, तो आजही हातानेच भरला जातो.

आकड्याचा प्रवास

सँतोबँ यांच्या ग्रंथात त्या वेळी फ्रान्समध्ये नव्यानेच आलेल्या एका पूर्वेकडील तंत्राचीही नोंद आहे. ढोलकाच्या तोंडाप्रमाणे ताणलेल्या गोल चौकटीवर, सुईऐवजी बारीक आकड्याने साखळी टाका घालण्याचे हे तंत्र १७६०च्या आसपास दरबारी स्त्रियांमध्ये कमालीचे लोकप्रिय झाले. द्रुए या चित्रकाराने काढलेले मादाम द पाँपादूर यांचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र, जे १७६४ मध्ये पूर्ण झाले आणि आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात त्या अशाच चौकटीपुढे बसलेल्या दिसतात. सुईला प्रत्येक टाक्यासाठी पूर्ण दोरा कापडातून आरपार ओढावा लागतो, तर आकड्याला दोऱ्याचा केवळ एक फासा वर घ्यावा लागतो. साहजिकच त्याचा वेग सुईच्या कितीतरी पट असतो आणि दोरा घासून झिजतही नाही.

हा आकडा भारतीय वाचकांना अनोळखी नाही. कच्छ आणि सौराष्ट्रातील मोची कारागीर चामडे टोचण्याच्या हत्याराची बारीक आवृत्ती करून तिने रेशमाचा साखळी टाका घालत असत. या हत्याराला आरी म्हणतात आणि त्या कामाला मोचीभरत. गुजरातच्या किनाऱ्यावरून सतराव्या शतकात युरोपात जाणाऱ्या मालात अशा टाक्याने भरलेले पडदे आणि पलंगपोस होते. युरोपातील हौशी स्त्रियांनी आणि नंतर व्यावसायिकांनी आत्मसात केलेले आकड्याचे काम पूर्वेकडील याच साखळी टाक्याच्या परंपरेशी जोडलेले आहे, हे वस्त्रांचे अभ्यासक सर्वसाधारणपणे मान्य करतात. फ्रान्समध्ये त्याच्या रंगीत, छटा मिसळलेल्या प्रकाराला ‘बोव्हेचा टाका’ हे नाव मिळाले. परंतु त्याला खरे वळण मिळाले ते ईशान्येकडील लोरेन प्रांतात.

ल्युनेव्हिल हे लोरेनच्या ड्यूकांच्या भव्य राजवाड्यासाठी ओळखले जाणारे छोटे शहर आहे. अखेरचे ड्यूक स्तानिस्लास यांचे १७६६ मध्ये निधन झाले, लोरेन फ्रान्समध्ये विलीन झाला आणि शहरातील दरबारी वैभव संपुष्टात आले. भोवतालच्या खेड्यांत मात्र शेतीच्या हंगामाबाहेर हातकामावर गुजराण करणाऱ्या स्त्रियांची मोठी संख्या होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये जाळीचे तलम कापड यंत्रावर विणले जाऊ लागले आणि स्वस्त झाले. या यंत्रनिर्मित जाळीवर आकड्याने फुलावेलींची नक्षी काढली, की दुरून ती महागड्या हातविणीच्या लेससारखी दिसे. म्हणजे यंत्राने एका हस्तकलेला धक्का दिला आणि त्याच वेळी दुसरीला आधारभूत कापड पुरवले. ल्युनेव्हिलच्या व्यापाऱ्यांनी गावोगावी दोरा, जाळी आणि नक्षी पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली आणि आया-मुली घरच्या खिडकीशी चौकट मांडून नगावर मजुरी मिळवू लागल्या.

शतकाच्या उत्तरार्धात हे काम पुन्हा अडचणीत आले, कारण बोनाझ नावाच्या संशोधकाने साखळी टाका घालणारे यंत्र तयार केले आणि पुढे ते कॉर्नेली या नावाने सर्वत्र पसरले. या काळात ल्युनेव्हिलच्या लुई फेरी-बोनशो यांनी आकड्यानेच मणी आणि टिकल्या कापडावर बसवण्याची पद्धत बसवली, असे मानले जाते. साधा साखळी टाका यंत्राला जमला होता. पण वेगवेगळ्या आकारांचे मणी नक्षीच्या वळणांनुसार नेमके बसवण्यासाठी हाताची गरज कायम राहिली. १९२०च्या दशकात सरळ, सैल आणि मण्यांनी लगडलेल्या नृत्यपोशाखांची लाट आली, तेव्हा या पद्धतीला अभूतपूर्व मागणी निर्माण झाली. १९२९ची मंदी आणि त्यानंतरचे महायुद्ध यांमुळे ती लाट ओसरली, अनेक कारखाने बंद पडले आणि लोरेनच्या खेड्यांतील चौकटी माळ्यावर गेल्या. १९९८ मध्ये स्थापन झालेली ल्युनेव्हिलची भरतकाम संवर्धन संस्था राजवाड्याच्या आवारात या वारशाचे जतन करते आणि त्याचे वर्ग चालवते. २००३च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राजवाड्याचे मोठे नुकसान झाले, तरी ते काम थांबले नाही.

उलट्या बाजूने भरणे

ही कला पुस्तकावरून पूर्णपणे का शिकता येत नाही, हे समजण्यासाठी तिची प्रत्यक्ष कृती पाहणे आवश्यक आहे. पहिली पायरी चौकटीची असते. दोन लांब गोल दांड्यांवर जाड पट्टी ठोकलेली असते, त्या पट्टीला कापडाच्या कडा शिवल्या जातात, दांड्या गुंडाळून कापड ताणले जाते, भोके असलेल्या आडव्या पट्ट्या आणि खुंट्या यांनी ताण पक्का केला जातो आणि बाजूच्या कडा दोरीने आवळल्या जातात. कापडाचे उभे-आडवे धागे काटकोनात राहिले नाहीत, तर काम संपल्यावर चौकटीवरून सुटलेले कापड वेडेवाकडे आक्रसते. म्हणून नवख्या विद्यार्थ्यांकडून केवळ चौकट लावण्याचाच सराव पुष्कळ वेळा करून घेतला जातो.

दुसरी पायरी नक्षी उतरवण्याची. पारदर्शक कागदावर काढलेल्या रेषेवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडतात, कागद कापडावर ठेवून त्यावर कोळशाची किंवा पांढरी पूड कापडी बोळ्याने घासतात आणि छिद्रांतून उतरलेले ठिपके पक्के करतात. मुंबईतील जरदोजी कारखान्यांत अशाच टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात आणि तिथे पुडीऐवजी रॉकेलमध्ये कालवलेला रंग वापरण्याची रीत आहे; तत्त्व तेच, साहित्य वेगळे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष टाक्याची. ल्युनेव्हिलच्या आकड्याला लाकडी मूठ असते, तिच्या टोकाला गळासारखा बारीक आकडा बसवलेला असतो आणि तो घट्ट करणारा छोटा स्क्रू आकड्याच्या तोंडाच्या दिशेला ठेवतात, म्हणजे कापडाखाली न दिसणारे तोंड कोणीकडे आहे हे वरून कळते. उजवा हात चौकटीच्या वर आकडा धरतो, डावा हात चौकटीखाली दोरा धरतो. आकडा खाली जाताच डावा हात त्याभोवती दोऱ्याचा वेढा देतो, उजवा हात मुठीला अर्धा वळसा देतो आणि आकड्याची गुळगुळीत पाठ कापडाला किंचित रेटत फासा वर काढतो. वळसा अपुरा पडला की आकड्याचे तोंड कापडात अडकते आणि तलम जाळी फाटते. मणी लावायचे असतील, तर ते आधीच दोऱ्यात ओवलेले असतात आणि प्रत्येक टाक्याला डाव्या हाताचे बोट एक मणी सरकवून कापडाला टेकवते. मणी खालच्या बाजूला बसत असल्यामुळे वस्त्राची दर्शनी बाजू खाली असते आणि काम करणाऱ्याला समोर फक्त साखळीची ओळ दिसते. म्हणजे दर्शनी बाजू डोळ्यांनी न पाहता बोटांच्या टोकांनी तपासण्याची सवय लागावी लागते, आणि ती सवय कोणत्याही आकृतीवरून लागत नाही.

साखळी टाक्याचा आणखी एक गुण शिकणाऱ्याच्या लवकर लक्षात येतो. ओळीच्या शेवटी दोरा नीट अडकवला नाही, तर एका ओढीत सगळी ओळ उसवते आणि मणी घरंगळतात. उलट चूक झाली असेल तर तीच गोष्ट उपकारक ठरते, कारण चुकलेला भाग क्षणात उसवून पुन्हा सुरुवात करता येते. भारतातील आरीकामात बहुधा दर्शनी बाजू वर ठेवून, मणी किंवा टिकली आरीच्या टोकावर घेऊन टाका घातला जातो. त्यामुळे एकेका मण्याची जागा कारागिराला थेट दिसते. ल्युनेव्हिलच्या पद्धतीत लांब ओळी वेगाने भरता येतात. दोन्ही पद्धतींचे हत्यार जवळपास सारखे असूनही शरीराची बैठक वेगळी आहे : फ्रेंच चौकट घोड्यांवर टेकवलेली असते आणि काम करणारी व्यक्ती खुर्चीवर बसते, तर कारचोबाच्या म्हणजे जरदोजीच्या मोठ्या चौकटीभोवती कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि एकाच कापडावर अनेक हात एका वेळी चालतात.

सुई, जर आणि घरचा दोरा

फ्रेंच भरतकाम म्हणजे केवळ आकडा नव्हे. सुईच्या कामात लांब-आखूड टाक्यांनी छटा मिसळण्याची पद्धत, खाली दोऱ्याचा भराव देऊन वर घट्ट घातलेला उठावाचा भरीव टाका, आणि काजाच्या टाक्याने कडा बांधून आतले कापड कातरून टाकण्याचे रिशल्यू काम हे प्रकार विशेष प्रतिष्ठित आहेत. दक्षिणेकडील प्रोव्हांस प्रांतात दोन पांढऱ्या कापडांमध्ये नक्षीच्या नळ्या शिवून त्यांत सुती वात भरण्याचे बुती नावाचे काम होते, ज्याची नक्षी उजेडात धरल्यावर अधिक खुलते.

जरीच्या कामाचे केंद्र अटलांटिक किनाऱ्यावरील रॉशफोर येथे आहे. हे जुने नौदल बंदर असल्याने अधिकाऱ्यांच्या गणवेशांवरील सोनेरी भरतकामाची तिथे परंपरा होती, आणि आज तिथल्या व्यावसायिक शाळेत भरतकामाचा अभ्यासक्रम चालतो. बारीक धातूच्या तारेची पोकळ नळी कात्रीने हव्या त्या लांबीचे तुकडे करून मण्याप्रमाणे शिवायची, पुठ्ठ्याचा किंवा चामड्याचा आकार कापून त्यावरून जर इकडून तिकडे टाकत न्यायची आणि प्रत्येक वळणावर बारीक टाक्याने ती बांधायची, ही या कामातील मुख्य तंत्रे आहेत. धातूचा धागा कापडातून आरपार ओढला तर तुटतो, म्हणून तो वर ठेवून बांधण्याची ही युक्ती सर्वत्र सारखीच आढळते. भारतीय जरदोजीतील सलमा, दबका आणि कोरा हे फ्रेंच कारागिरांच्या नळ्यांचेच भाईबंद आहेत. रॉशफोरमधील सिल्वी देशाँ यांना २०१० मध्ये जरीच्या भरतकामासाठी ‘मेत्र दार’ म्हणजे कलागुरू हा शासकीय सन्मान मिळाला.

कारखान्याबाहेरच्या सर्वसामान्य घरांत भरतकाम पोहोचवण्याचे काम मात्र एका दोरा बनवणाऱ्या कंपनीने केले. अल्सास प्रांतातील मुलूझ येथे १७४६ मध्ये सुरू झालेला छापील कापडाचा उद्योग पुढे डीएमसी या नावाने भरतकामाच्या दोऱ्यासाठी प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियातून आलेल्या तेरेझ द दिल्मों यांनी या कंपनीच्या सहकार्याने मुलूझजवळ भरतकामाची शाळा काढली आणि १८८६ मध्ये स्त्रियांच्या हातकामाचा त्यांचा सचित्र कोश प्रसिद्ध झाला. तो अनेक भाषांत अनुवादित झाला आणि माफक किमतीत विकला गेला, कारण पुस्तक वाचून जी स्त्री टाका शिकेल ती दोराही विकत घेईल, हा त्यामागचा उघड हिशेब होता. व्यापारी हेतू असूनही या कोशाने दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे टाक्यांची नावे आणि आकृत्या देशोदेशी सारख्या झाल्या, आणि दुसरे म्हणजे क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या दोऱ्याच्या छटांमुळे एका गावातील नमुना दुसऱ्या देशातही जसाच्या तसा भरता येऊ लागला. महाराष्ट्रातील शाळांत गृहशास्त्राच्या वह्यांमध्ये साखळी टाका, काजाचा टाका आणि गाठीचा टाका यांचे नमुने चिकटवणाऱ्या आणि दुकानात जाऊन दोऱ्याच्या लडीचा क्रमांक सांगणाऱ्या पिढ्या अशाच प्रकारच्या प्रमाणीकरणात वाढल्या आहेत.

नमुन्यांचे भांडार आणि शाळा

पॅरिसच्या उंची वेशभूषेत, म्हणजे ज्या व्यवसायाला ‘ओत कुत्युर’ म्हणतात आणि ज्याचे नाव १९४५ पासून फ्रान्समध्ये कायद्याने संरक्षित आहे, त्यात भरतकामाचा स्वतंत्र कारखाना आणि वेशरचनाकार यांच्यातील संबंध नमुन्यावर आधारलेला असतो. कारखाना प्रत्येक हंगामापूर्वी छोटे भरलेले तुकडे तयार करतो, रचनाकार त्यांतून निवड करतो किंवा बदल सुचवतो आणि मग वस्त्राच्या प्रत्यक्ष आकारावर काम सुरू होते. निवड न झालेला नमुनाही फेकला जात नाही. म्हणूनच या कारखान्यांचे संग्रह हेच त्यांचे खरे ग्रंथालय असते.

लसाज कारखान्याचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. १८५८ मध्ये स्थापन झालेला आणि पुढे मिशोने यांच्या नावाने चाललेला कारखाना १९२४ मध्ये आल्बेर लसाज आणि त्यांच्या पत्नी मारी-लुईझ यांनी विकत घेतला. १९३०च्या दशकात वेशरचनाकार एल्सा स्कियापरेली यांच्या धाडसी कल्पनांना या कारखान्याने टाक्यांत उतरवले. १९४९ मध्ये आल्बेर यांचे निधन झाले, तेव्हा विशीतल्या फ्रांस्वा लसाज यांनी (१९२९–२०११) सूत्रे हाती घेतली. ईव्ह सँ लोराँ यांनी १९८८च्या वसंत-ग्रीष्म संग्रहात व्हॅन गॉगच्या चित्रांवरून केलेली जाकिटे याच कारखान्यात भरली गेली. त्यांपैकी आयरिस फुलांच्या जाकिटासाठी सुमारे ६०० तास लागले. मिशोने यांच्या काळापासूनचे सुमारे ७५,००० नमुने या कारखान्यात जपलेले आहेत.

नमुने जपले तरी ते करणारे हात मात्र कमी होत होते. उंची वेशभूषेची गिऱ्हाइके घटली, अनेक जुने कारखाने बंद झाले आणि अनुभवी स्त्रिया निवृत्त होत गेल्या. अशा वेळी, १९९२ मध्ये, फ्रांस्वा लसाज यांनी कारखान्याला जोडून शाळा सुरू केली आणि तिचे दरवाजे व्यावसायिक उमेदवारांबरोबरच हौशी मंडळींनाही खुले केले. व्यापारी स्पर्धेत कौशल्य लपवणे हा जुना रिवाज असताना हा निर्णय उलट्या दिशेचा होता. परंतु शिकणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय कारखान्याला पुढची पिढी मिळणार नाही, हे त्यात ओळखलेले होते. २००२ मध्ये शानेल कंपनीने लसाज कारखाना ताब्यात घेतला. अशा अनेक कारखान्यांना एकत्र आणणारी ‘१९एम’ ही पॅरिसच्या सीमेवरील रुडी रिचोत्ती यांनी रचलेली इमारत २०२२च्या जानेवारीत औपचारिकपणे खुली झाली. तिथे कारखान्यांच्या जोडीला प्रदर्शनाचे दालन आहे आणि सर्वसामान्यांसाठी कार्यशाळाही घेतल्या जातात.

खासगी शाळांच्या बरोबरीने फ्रेंच शासनाची शिक्षणव्यवस्था उभी आहे. आधी दोन वर्षांचे भरतकामाचे व्यावसायिक प्रमाणपत्र, त्यावर कलाव्यवसायाची आणखी दोन वर्षांची पदविका आणि पुढे तीन वर्षांचा रचनेचा उच्च अभ्यासक्रम अशी तिची साधारण चढण आहे. या शिडीच्या वरच्या टोकाला १९९४ मध्ये निर्माण केलेली कलागुरू ही पदवी आहे, जिची कल्पना जपानच्या ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या सन्मानावरून घेतलेली आहे. या पदवीचे वैशिष्ट्य असे, की ती केवळ गौरवासाठी दिली जात नाही. कलागुरूने निवडलेल्या शिष्याला तीन वर्षे प्रत्यक्ष शिकवावे यासाठी शासन आर्थिक साहाय्य देते. शेजारच्या एका कलेत ही गरज अधिक ठळक दिसते. अलाँसोंच्या सुईने विणलेल्या लेसच्या कौशल्याला युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले; तिच्या एक चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ तास लागतात आणि ती पूर्णपणे आत्मसात करायला ७ ते १० वर्षे लागतात. इतक्या दीर्घ उमेदवारीचा खर्च कोणताही बाजार स्वतःहून उचलत नाही, आणि म्हणून शासकीय आधार हा अशा कलांच्या बाबतीत केवळ सांस्कृतिक उदारपणा राहत नाही, तर त्यांच्या टिकण्याची अट ठरतो.

मुंबई आणि चेन्नई : परतीचा मार्ग

आकड्याच्या प्रवासाचे पुढचे वळण पुन्हा भारताकडे येते. फ्रांस्वा लसाज यांचे पुत्र जाँ-फ्रांस्वा लसाज यांनी १९९३ मध्ये चेन्नईत वस्त्रकला हा कारखाना सहकाऱ्यांसह सुरू केला. घरसजावटीच्या कापडांवर तिथले कारागीर फ्रेंच नक्षीचे आणि ऐतिहासिक पद्धतीचे भरतकाम करतात. मुंबईत तर गेली काही दशके युरोपातील वेशभूषा-कंपन्यांसाठी भरतकाम करून देणारे निर्यातदार कारखाने आहेत, आणि त्यांतले कारागीर बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधून आलेल्या आरी-जरदोजी परंपरेतील पुरुष आहेत. ल्युनेव्हिलच्या पद्धतीचा नमुना त्यांच्या हाती आला, तेव्हा आकडा त्यांना नवा नव्हता. नवी होती ती कापड उलटे धरण्याची रीत, मण्यांच्या ओळीतील नेमकेपणा आणि पॅरिसच्या कारखान्याला अपेक्षित असलेली एकसारखी घनता. मुंबईच्या कारागिरांनी ती रीत घेतली, आपली रीतही ठेवली आणि गरजेनुसार दोन्ही वापरू लागले.

चाणक्य या मुंबईच्या निर्यातदार संस्थेशी संबंधित करिष्मा स्वाली यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या शाळेने या इतिहासात वेगळी भर घातली. कारचोबावरचे काम भारतात परंपरेने पुरुषांच्या हाती राहिले असताना या शाळेने स्त्रियांना आरी, जरदोजी आणि सुईकामाचे पद्धतशीर शिक्षण द्यायला सुरुवात केली. पॅरिसच्या डिऑर या वेशभूषा-कंपनीच्या २०२० मधील वसंत-ग्रीष्म उंची वेशभूषा प्रदर्शनात अमेरिकी कलावंत जूडी शिकागो यांच्या कल्पनेतील मोठ्या भरलेल्या पताका या शाळेच्या विद्यार्थिनींनी केल्या होत्या, आणि ३० मार्च २०२३ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर झालेल्या डिऑरच्या प्रदर्शनाच्या पार्श्वभूमीला चाणक्यच्या कारागिरांनी भरलेले भव्य तोरण होते. अशा प्रसंगी कारागिरांच्या शहराचे आणि संस्थेचे नाव उघडपणे घेतले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण एरवी वस्त्राची अंतिम जुळणी युरोपात झाली की त्याच्या पट्टीवर युरोपीय देशाचेच नाव येऊ शकते आणि भरतकाम कुठे झाले हे ग्राहकाला कळत नाही.

नाव न येण्याचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात लोरेनच्या खेड्यांतील स्त्रियांना नगावर मजुरी मिळे, आणि मध्यस्थाकडून काम घेणाऱ्या बाईला आपला तुकडा कोणत्या दुकानात, कोणत्या किमतीला विकला जातो हे माहीत नसे. मुंबईच्या दाटीवाटीच्या कारखान्यांत उपकंत्राटावर काम करणाऱ्या कारागिराची स्थिती याहून फार निराळी राहिलेली नाही. काही युरोपीय कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘उत्थान’ नावाचा उपक्रम हाती घेऊन मुंबईतील भरतकाम कारखान्यांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती सुधारण्याचे ठरवले, यावरून या प्रश्नाची जाणीव त्यांनाही झाली होती हे दिसते. परंतु करारांनी सुधारलेली खोली आणि पट्टीवर आलेले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अजून अपवादानेच घडते.

शिकणाऱ्याचा हक्क

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत नववधूच्या ब्लाउजवर आरीकाम करण्याची मोठी हौस निर्माण झाली आहे आणि शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आरी वर्कचे वर्ग निघाले आहेत. पूर्वी ज्या कारचोबाजवळ स्त्रिया क्वचितच बसत, त्याची छोटी आवृत्ती आता घराच्या ओसरीवर किंवा सदनिकेच्या गॅलरीत दिसते. ल्युनेव्हिलमध्ये दोनशे वर्षांपूर्वी जे घडले त्याच्याशी या घडामोडीचे साम्य सहज लक्षात येण्याजोगे आहे : घरबसल्या कमाईची संधी, वेगाने शिकता येणारा टाका आणि लग्नसराईवर अवलंबून असलेली मागणी. फ्रेंच अनुभवातून या नव्या शिकाऊंना घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे नमुना जपणे, कारण वर्ग संपल्यावर हातात उरते ते प्रमाणपत्र नसून आपण भरलेल्या तुकड्यांचा संग्रह असतो. दुसरी म्हणजे टाका कोणत्या परंपरेतून आला हे सांगणे, कारण मोची कारागिरांची आरी, लोरेनच्या स्त्रियांची उलटी बाजू आणि मुंबईच्या कारखान्यातील हात यांच्यापैकी कोणताही दुवा वगळला तर इतिहास खोटा होतो. तिसरी, आणि सर्वांत अवघड, म्हणजे कामाची किंमत तासांवर मोजणे, ग्राहकापुढे ते तास उघड करणे आणि भरलेल्या वस्तूवर आपले नाव लावणे.

फ्रान्सने भरतकामाच्या शिक्षणाची व्यवस्था उभारण्यात जे साधले, ते अनुकरणीय आहे. पण तिथेही शिकवण आणि श्रेय यांची सांगड शेवटी बाजाराने घातली नाही, तर पुस्तकांनी, शाळांनी आणि शासकीय सन्मानांनी घातली. भारतात आरी आणि जरदोजीच्या उस्तादांना अशा तऱ्हेने शिष्य घडवण्याची शाश्वती आणि वेतन मिळाले, निर्यातीच्या मालावर भरतकाम झाल्याचे ठिकाण नोंदवण्याची रीत पडली, तर आकड्याच्या या दीर्घ देवघेवीत कौशल्याबरोबर त्याचा मोबदला आणि नावही परत येऊ लागेल. तसे होईपर्यंत ही वाटणी अर्धीच आहे असे म्हणावे लागते.